शेकोटीचा सीन

शनिवार, ३० एप्रिल १९८८

आज माईक माझ्या हातात आला! चुडामण सरांचा घसा पार बसलाय. दर शनिवारी संध्याकाळी क्लबात इंग्रजी कॅसेट लागते, टीव्हीचा आवाज बारीक करतात आणि सर शेजारी बसून गोष्ट मराठीत सांगतात. पॉवर हाऊसच्या या दीपनगर कॉलनीत आता याचं कुणाला नवल नाही. "इंदू, यापुढे तूच," म्हणाले. मग मी दहा मिनिटं बोलले.

रविवार, १ मे

क्लबची किल्ली मागून घेतली आणि दुपारी एकटीनेच कॅसेट मूळ आवाजात पाहिली. आकाशातल्या गुरू-चेल्याचा तोच सिनेमा, जो लोक चौथ्यांदा मागताहेत.

वाळूच्या ग्रहावर म्हातारा गुरू, त्याचा एकच चेला. आकाशयानं चालवायला शिकवणाऱ्या शाळेचं चेल्याला बोलावणं येतं, चमकणाऱ्या पट्टीवर लिहिलेलं. चेला झोपलेला असतो. गुरू ते वाचतो आणि पट्टी शेकोटीत टाकतो. सकाळी सांगतो, तुला घेतलं नाही.

चार वेळा मागे नेऊन पाहिलं. इंग्रजी अगदी सोपं आहे. आणि सर तिथे काय सांगतात? "थंडी फार आहे. गुरूंनी शेकोटीत काडी टाकली." तीन शनिवार हेच! बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि शिरपूरकडच्या भिकुबाई पदर लपेटून म्हणतात, "थंडी शे बाई तठे."

सरांना इंग्रजी कळलं नाही? मला ज्यांनी शिकवलं त्यांना?

मंगळवार, ३ मे

ऑफिस सुटल्यावर सरांकडे गेले. सरळ विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोकांना गुरू चांगला लागतो." मी म्हटलं, मग शेवटी चेला गुरूवर शस्त्र उगारतो ते कशासाठी? "तरुण आहे. चिडला." चहा त्यांनीच केला, साखर घालायची विसरले. मीही मागितली नाही.

राग आला. मग रागाची लाज वाटली. चौऱ्याहत्तर साली पुण्याच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत मी नापास झाले, तेव्हा महिनाभर रोज घरी येऊन बसायचा तो हाच माणूस. निकाल शाळेत आला होता. "यादीत तुझं नाव नाही, इंदू," सांगताना त्यांचेच डोळे भरले होते. टायपिंगला त्यांनी घातलं, पॉवर हाऊसच्या ऑफिसात चिकटवलं त्यांनीच. मी वर्गातली हुशार, आणि नापास कशी झाले ते मला आजवर कळलेलं नाही. आता सरही कळेनासे झालेत.

शनिवार, ७ मे

सांगून टाकलं. शेकोटीचा सीन आला, सर शेजारीच होते, मी माईकवर म्हटलं — गुरूंनी चेल्याचं बोलावणं जाळलं. थंडीबिंडी काही नाही.

मग बॉयलरवरचे सुपडूभाऊ मागून म्हणाले, "म्हनीसन चेला चिडना! आते समजनं." भिकुबाई तर सगळं पाप म्हाताऱ्याच्या माथी मारत उठून उभ्याच राहिल्या. "बठ्ठं पाप त्या म्हातारानं शे."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. सर अनवाणी निघून गेले होते, चपला दाराशीच.

रविवार, ८ मे

चपला घेऊन गेले. त्यांची सून पुष्पाबाई म्हणाली, "आबा झोपलेत." आतून खोकला ऐकू येत होता. त्यांच्या हातातच द्यायच्या म्हणून चपला परत आणल्या.

मंगळवार, १० मे

सर बाहेर पडत नाहीत म्हणे. जेवतही नाहीत धड. एका काडीवरून एवढं? सिनेमा तो सिनेमा. माझं चुकलं का? चुकलं असेल तर काय — खरं बोलले ते, की चारचौघांत बोलले ते? माफी मागावी म्हणते. पण कशाची, तेच सुचत नाही. आज तीन पत्रं चुकीची टाइप केली.

गुरुवार, १२ मे

पुष्पाबाई ऑफिसात येऊन पाकीट देऊन गेली. खाकी, जुनं. पुण्याचा शिक्का, जून १९७४. मुख्याध्यापकांमार्फत, कुमारी इंदिरा हिस. निवड झाली आहे, पंधरा तारखेपर्यंत वसतिगृहात हजर व्हावे.

खाली सरांच्या अक्षरात, शाई ताजी — "वर्गात तुझ्यासारखी तू एकटीच होतीस, तुला जाऊ देववलं नाही. जाळता आलं नाही."

चपला अजून माझ्या दाराशी आहेत.