म्हाताऱ्यांच्या होडीत पाच तास

बाई,

परवा टेम्पो घेऊन शीळफाट्याला अडकलेलो, तेव्हा समोर एका टूरवाल्याचा बोर्ड दिसला. पांढरीशुभ्र बोट, डेकवर खुर्च्या टाकून बसलेली पांढऱ्या केसांची जोडपी, आणि खाली लिहिलेलं, ज्येष्ठांसाठी खास समुद्र सफर, तरुणांचेही स्वागत. पहिल्यांदा हसू आलं. तरुणांचं स्वागत म्हणे. कोण तरुण जाईल तिथे? आणि मग मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजेपर्यंत मी तिथेच बघत बसलो, कारण एक मुलगी गेलेलीच की. आणि मीही गेलेलो. तुम्हीच नेलं होतं. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. तुम्ही जाऊन आता आठ वर्षं होतील, हे मला कळतं. शाळेत असताना तुम्ही माझ्या वहीवर लाल शाईने लिहायचात, ‘मुद्द्यावर ये.’ पण मला मुद्द्यावर यायला वेळच लागतो.

तेव्हा मी एकवीस वर्षांचा. सेकंड इयर अर्धं टाकून घरी बसलेलो. प्राध्यापकाशी भांडलो म्हणून कॉलेज सोडलं असं सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे ती ज्या वर्गात होती त्या वर्गात माझं लक्ष लागत नव्हतं, आणि ज्या वर्गात ती नव्हती तिथे बसवत नव्हतं. तुम्ही रिटायर झालेल्या होतात आणि डोंबिवलीतल्या तुमच्या म्हाताऱ्यांच्या मंडळाची वर्षातून एकदा खाडीतली सहल काढायचात. बोट म्हणजे काय, माझ्या काकाची रेतीची होडी, आणि ती हाकणारा तांडेलही काकाच. आदल्या दिवशी धुऊन काढायची, वर ताडपत्री बांधायची, शाळेतली बाकं मांडायची. रेतीबंदरावरून निघायचं, खाडीतल्या बेटावरच्या देवळात जायचं, जेवायचं, परत यायचं. एवढीच सफर. आणि तुमचा नियम असा, की सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाने घरातलं एक तरुण माणूस हात धरायला बरोबर आणायचं. नियम कोणी पाळायचं नाही. नातवंडं नाना कारणं सांगायची. त्या वर्षी ती आली, आजोबांचा हात धरून. मग मी काकाबरोबर आपणहून आलो. तुम्ही माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलंत आणि म्हणालात, “अरे वा, एकदम समाजसेवा?”

दिवस शनिवार होता. रविवारी सकाळी अख्खी डोंबिवली टीव्हीसमोर बसायची, म्हणून तुम्ही सहल शनिवारी ठेवलेली. आणि त्याच रविवारी, टीव्हीवरची मालिका संपली की, पुण्याहून मुलाकडचे तिला बघायला येणार होते. हे मला तिच्याच मैत्रिणीकडून कळलं होतं. मला तिच्याकडून हो की नाही ते हवं होतं, आणि ते त्या दिवशीच हवं होतं. मधले दोन महिने ती एवढंच म्हणायची, “थांब ना जरा.” थांबणं मला कधी जमलंय का, बाई?

सकाळी निघताना काका तुम्हाला सांगतोय, “दसमी हाय आज. आठाला भरती पुरी. आकराच्या आत निंगालो नाय त चिखलान बसू.” तिथीवरून भरती-ओहोटीचा वेळ काढायचा हे आमच्या घरात शेंबड्या पोराला येतं. मलाही येत होतं. अकराला निघालो तर साडेबाराला घरी. साडेअकराला निघालो तर बेटाच्या पुढच्या उथळ्यात होडी बसणार आणि साडेचारला पाणी चढेपर्यंत हलणार नाही. पाच तास. मी मनात म्हटलं, पाच तास ती कुठे उतरून जाणार?

जाताना तुमच्या मंडळातले ते बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ म्हणाले, “तरुण पोरांना या आपल्या सहलीत काय राम? ना नाच, ना गाणं. उगाच त्यांना कशाला ओढायचं?” तुम्ही म्हणालात, “आपण आपलं ठरवतो. त्यांना विचारा की.” त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, “मला आवडतंय. आमच्या घरी एवढं कोणी एकमेकांशी बोलतच नाही.” सगळ्या आज्या खूश. मग मला विचारलं. मी म्हटलं, “काय आवडायचं? स्मशानात जायची रिहर्सल वाटते.” सगळ्या आज्या पाण्याकडे बघायला लागल्या. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, “हे वाक्य परत घे.” मी घेतलं नाही. इंजिनचा आवाज होता म्हणून बरं.

बेटावर जेवणं झाली. काका हात धुवायला गेला तेव्हा मी इंजिनचं हँडल उचललं आणि देवळामागे विटांच्या ढिगाऱ्यात खुपसलं. ते इंजिन हँडल मारल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. मग जी शोधाशोध! काका होडीच्या तळातलं पाणी हातांनी चाचपतोय, दर मिनिटाला काठावरच्या ओल्या रेषेकडे बघतोय. पाणी कमी होत चाललेलं, ते त्याला दिसत होतं. मलाही दिसत होतं. “आतं हितंच ठेवलेला रं,” असं तो तीनदा म्हणाला. त्याने माझ्यावर संशयसुद्धा घेतला नाही. अर्ध्या तासाने मीच जाऊन हँडल सामानाच्या पिशवीतून ‘शोधून’ आणलं. एका आजींनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि डब्यातला लाडू दिला. तो मी खाल्ला.

व्हायचं तेच झालं. उथळ्यात होडी बसली, जराशी कलली. चारी बाजूंनी काळा चिखल उघडा पडला, त्यात निवट्या, ती चिखलातली मासळी, टुणटुण उड्या मारायला लागल्या. समोर मुंब्र्याचा डोंगर उन्हात तापत होता. पहिला अर्धा तास सगळे हसले. मग कोणी घड्याळ बघितलं, कोणाला पाणी हवं झालं, कोणाला मोकळं व्हायचं होतं आणि सोय नव्हती. तुम्ही दोन साड्यांचा आडोसा करून एका कोपऱ्यात बादली ठेवलीत आणि म्हणालात, “लाजायचं वय आपलं गेलं. या.” तिच्या आजोबांची दुपारची गोळी घरी राहिलेली. ते डोळे मिटून घामाघूम बसले होते. ती त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होती आणि मी समोर बसून तिने एकदा तरी माझ्याकडे बघावं याची वाट बघत होतो. एक तास गेला, दुसरा गेला. सव्वीस म्हाताऱ्यांच्या मधे मला तिच्याशी दोन शब्द बोलायला जागा नव्हती. हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

आजोबांना जरा बरं वाटल्यावर आज्यांनी उखाण्यांचा फड जमवला. पन्नास वर्षं झालेले नवरे समोर बसलेत आणि या लाजून नाव घेतायत. ती पोट धरून हसत होती. खरंच सांगतो, मी तिला कॉलेजात तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग एक आजी तिला म्हणाल्या, “उद्या बघायला येणारेत ना गं? घे की तूही एक. सराव होईल.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती हसायची थांबली. तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि मग म्हणाली, “नाव ठरलं की घेईन.”

त्यावर मला राहवलं नाही. ती पाण्याचा तांब्या भरायला मागे सुकाणूपाशी आली तेव्हा मी तिला गाठलं. तुम्ही चार हातांवर बसला होतात. तुम्ही ऐकलंत हे मला नंतर कळलं.

“ठरलं नाहीये ना? मग आत्ता सांग.”

“तुझ्या खिशाला ग्रीस कसलं लागलंय?” तिने विचारलं.

मी खाली बघितलं. ती म्हणाली, “हँडल तूच लपवलंस.”

“तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी? आजोबा बघ कसे झालेत. त्यांनाही माझ्यासाठीच बसवलंस का उन्हात?”

“मग काय करू? उद्या ते येणार, चहा-पोहे खाणार आणि तू मान हलवणार!”

“ओरडू नकोस,” ती म्हणाली. मग तांब्या खाली ठेवून अगदी हळू म्हणाली, “जा आणि सांग. आत्ता, सगळ्यांसमोर. काका बिचारे केव्हापासून माफी मागतायत सगळ्यांची. तू एवढं सांग, मग मी आज संध्याकाळी घरी तोंड उघडते. तुझं नाव घेते. आई काय म्हणेल ते म्हणेल.”

बाई, मला हवं होतं ते तिने देऊ केलं होतं. मी उठलो. खरंच उठलो. बाकांच्या मधून चार पावलं पुढे गेलो. काका इंजिनपाशी गुडघे जवळ घेऊन बसला होता. तेवढ्यात ते बँकवाले गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “तांडेल घेतलेला असणार हो सकाळी. नाहीतर हँडल काय हरवायची वस्तू आहे?” दोघं-तिघं हसले. काकाने आयुष्यात थेंब घेतलेला नाही. त्याने मान वर केली, तोंड उघडलं, आणि परत खाली बघितलं. गिऱ्हाईकाला उलटं बोलायचं नाही, ही त्याची सवय. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी मधेच उभा होतो. आणि मी, प्राध्यापकाची कॉलर धरायला निघालेला मी, म्हणालो, “कोणाला पाणी हवंय का?”

मागे वळून बघितलं तेव्हा ती आजोबांशेजारी जाऊन बसली होती. साडेचारला होडी हलली, सगळ्यांनी गजर केला. ती टाळ्या वाजवत होती. रेतीबंदरावर उतरताना एका आजींनी तिला विचारलं, “दमलीस ना गं आमच्यात?” ती म्हणाली, “नाही हो आजी, पुढच्या वर्षी परत येईन.” पुढच्या वर्षी ती पुण्यात होती. त्या रविवारचे पोहे कसे झाले ते मी कोणाला विचारलं नाही.

सगळे गेल्यावर तुम्ही मला काठावर थांबवलंत. मला वाटलं, थोबाडीत बसणार. तुम्ही फक्त विचारलंत, “काकाला तू सांगणार की मी?” मी म्हटलं, मी सांगतो. “कधी?” म्हटलं, उद्या. तुम्ही मान डोलावलीत आणि ओल्या चपला हातात घेऊन चढ चढून गेलात. नंतर बाजारात दिसलात की नुसतं बघायचात. मी रस्ता बदलायचो. मंडळाने पुढच्या वर्षी बस केली. ‘तांडेल घेतो’ ही गोष्ट बंदरावर पसरली, आणि हळदीकुंकवाच्या बायका, वास्तुशांतीची पाहुणेमंडळी, कोणीच मग काकाच्या होडीत बसेना. काकाने नुसती रेती काढली. त्या दिवाळीनंतर तुम्ही गेलात. मी स्मशानात आलेलो, मागे उभा होतो.

आता जे लिहायचं आहे ते गेल्या वर्षीचं आहे. काकाने होडी विकली. दिवा स्टेशनजवळच्या माझ्या खोलीवर जेवायला आलेला, पाणी जाईल म्हणून आधी दोन कळश्या भरून ठेवल्या आणि मग बसला. जेवता जेवता म्हणाला, “तुजी बाई आयलेली घरा. त्या सालीच. मना बोलली, चूक माजी हाय, मीच म्हाताऱ्यांना जेवताना उशीर केला, हँडल मीच पिशवीन टाकलेला, मंग इसरले. हात जोडलंन माज्यापुडं. मना लय लाज वाटली रं. येवरी शिकल्याली बाई.”

मी हातातला घास ताटात ठेवला. तुम्ही वाट बघितलीत, मी गेलो नाही, आणि मग तुम्ही स्वतः जाऊन खोटं बोललात. तुम्ही, ज्यांनी मला एका खोट्या रजाचिठ्ठीसाठी आठवडाभर बाकावर उभं केलं होतं. काका माझ्याकडे बघत होता. आठ वर्षं तो प्रश्न त्याने कुठे ठेवला होता कोण जाणे. म्हणाला, “तू व्हतास तवा. खरा हाय कं रं ता? बाईनंच केलेला?”

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. टाकायला पत्ताच नाही, आणि काकाला वाचता येत नाही, हे माझ्या सोयीचं आहे. पण तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहितो.

मी हो म्हणालो, बाई.