कांद्याच्या सालींचं पाणी

प्रिय छकुले,

अक्षराला हसू नकोस, घाईत लिहितेय. फोन उचलला होता, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या आईला या वयात कपडे रंगवायचं वेड लागलंय, हे बाबांनी तुला सांगितलं असेलच. कोपऱ्यावरच्या शिवणवर्गात झाडापानांचे रंग शिकवतात. भाजीवाला म्हणतो, "काकू, कांदे ठेवून नुसत्या सालीच नेता?" आमच्या कॉन्व्हेंटमधल्या शिवणाच्या सिस्टर आठवतात. उलट्या बाजूलाही टाका दिसता कामा नये, म्हणायच्या. माझी पिवळी नखं बघून त्यांनी पट्टीच काढली असती.

सुती कापड रंग पटकन धरत नाही. म्हणून वर्गातल्या बाई ते आधी पातळ दुधात भिजवून वाळवायला सांगतात; दूध लागलं तिथे रंग गडद चढतो. मला कुठला एवढा धीर! कपाटात तुझा पांढरा गाऊन सापडला, हॉस्पिटलमधून आल्यावर घालायचीस तो. म्हटलं, यावरच हात बसवू. तुरटीच्या पाण्यातून काढला आणि दुधाबिधाच्या भानगडीत न पडता सरळ सालींच्या उकळत्या पाण्यात सोडला.

बाहेर काढला तर सगळा गाऊन फिकट पिवळा. आणि छातीवर दोन गडद तपकिरी गोल, तिथून पोटापर्यंत आलेले ओघळ. माझ्या हातातला चिमटाच पडला. बाबा धावत आले, "भाजलं का गं?" मी गाऊनकडे बोट केलं. त्यांनी गाऊनकडे पाहिलं, गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले.

बाळ हॉस्पिटलमध्येच गेल्यावर तू आमच्याकडे राहिलीस. बाबांशी पत्ते खेळलीस, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीस. विचारलं की एकच, "मी ठीक आहे गं आई." रोज आम्ही उठायच्या आत गाऊन धुऊन वाळत घातलेला असायचा. पोरगी किती टापटिपीची, असं मी शेजारणीला कौतुकाने सांगायचे. छकुले, तुला दूध येत होतं. आणि भिंतीपलीकडे आम्ही गाढ झोपलेलो.

गाऊन पुन्हा रंगात घालणार नाही. बाबा माझं तिकीट काढायला गेलेत. ठीक आहेस का, असं आता विचारणार नाही. बाळाला फक्त तूच पाहिलंस. ते कोणासारखं दिसत होतं, हे ऐकायला येतेय. चहासुद्धा टाकू नकोस, नुसतं दार उघड.

तुझीच,
पिवळ्या नखांची आई