चांगुणाच्या लग्नाचे एडिटिंग

२ जुलै २००८
निश्चय. आमच्या लेकीच्या, चांगुणाच्या लग्नाची फिल्म मीच एडिट करणार. व्हिडिओवाल्याकडून न कापलेली सीडी मुद्दाम त्यासाठीच घेतली. मोटर रिवाइंडिंग मी कोणाला न विचारता शिकलो, तर हे काय!
तातडीचे कारण : मेहुणे उकंडराव. नवरीचा मामा असून मांडवात मानाचा टोपी-टॉवेल मिळाला नाही म्हणे. लोणारला रुसून बसलेत, फोन उचलत नाहीत. टोपी मी स्वतः निवडून आणली होती, म्हणजे दिलीच असणार. पुरावा पडद्यावर दाखवू.

५ जुलै
सौ. म्हणाली, "थे सीडी एकदा लावून त पाहा." कच्चा माल पाहत बसायचे नसते. आधी सॉफ्टवेअर ठरले पाहिजे.

११ जुलै
कॉम्प्युटरसोबत आलेले सॉफ्टवेअर तपासले. कोणालाही जमेल इतके सोपे. नापास.

१९ जुलै
दुसऱ्यात नव्व्याण्णव ट्रॅक. मला एकच लागतो, पण ऐनवेळी कमी पडायला नकोत. इन्स्टॉल होता होता लोडशेडिंग.

२७ जुलै
तिसरे उत्तम. बदामातून नवरी निघते. पंख्याच्या वाऱ्याने डोके धरते म्हणून टोपी घालूनच बसतो. लग्नापासून हीच वापरतो. जरा सैल आहे, पण कापड अव्वल.

१६ ऑगस्ट, रात्री
राखी. सौ. लोणारला जाऊन आली. दादाने राखी बांधून घेतली, पण म्हणाला, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. फिल्लममंदी टोपी दिसली त माफी मागीन. नाही दिसली, त त्या घराची पायरी बंद." एसटीत रडतच आली. मी धीर दिला : सॉफ्टवेअर जवळपास ठरले आहे.

२४ ऑगस्ट
तिसरेच पक्के. त्यात एक बटण आहे, निरुपयोगी भाग आपोआप काढते. दाबले. फिल्म बघत बसायचा वेळ वाचला. तो टायटलला दिला.

३० ऑगस्ट
फिल्म तयार. टायटल तीनदा तपासले. निर्मिती, दिग्दर्शन, संकलन : मी.

३१ ऑगस्ट
उकंडराव आले. चहाला हात लावला नाही. फिल्म लावली. माझे नाव, बदाम, नवरी, आणि प्रत्येकाच्या तोंडावर आडवे 'ट्रायल व्हर्जन'. पुन्हा बदाम. समाप्त.
"मी कुठी आहो यात?" उकंडराव उठलेच. "जवाईबुवा, तुमी त मले कापूनच टाकलं!"
सौ.ने न कापलेली सीडी लावली.
मांडव. उकंडराव पाटावर, डोके पुढे करून बसलेले. टोपी माझ्या हातात. मी व्हिडिओवाल्याला लाइट कसा धरायचा ते समजावतो आहे. समजावता समजावता टोपी माझ्याच डोक्यावर. उकंडराव तसेच वाकलेले. मी अजून लाइटवरच.
खोलीतले सगळे पडद्याकडून माझ्याकडे वळले. माझ्या डोक्याकडे.
"काऊन जी," सौ. म्हणाली, "हेच का थे?"
तिने टोपी काढली, झटकली, दादाला कुंकू लावून घातली. चपखल बसली. उकंडरावांना हसता हसता ठसका लागला. मग पुरणपोळी जेवायला बसले. जेवताना तोच भाग पुन्हा लावायला लावला. "यातलं काही कापू नका बरं!"

रात्री
उघड्या डोक्याने लिहितो आहे. पंखा बंद ठेवला आहे. न कापलेली सीडी उकंडराव लोणारला घेऊन गेले, गावात दाखवायला. त्यामुळे एडिटिंगला आता काही उरले नाही.
सॉफ्टवेअरची निवड मात्र अचूक होती.