केळ्यांवरची छत्री

राजवाड्यामागची गल्ली, मध्य जावा
३ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. (साष्टांग इथे वाड्याच्या दारातच संपतात, त्यातून वाचलेला हा एक.)

राजेपद गेलं तर लोक मला पुन्हा जन्मनावाने, पाइमिन, म्हणतील का, असं बाबांनी परवा विचारलं. घरातल्या या पहिल्या पदवीधराने त्यांना चहा ओतून दिला. तुझा भाऊ एकतीस वर्षं वाड्यात सेवक आहे; वाड्याने दिलेलं विग्न्योसुवितो हे नाव तो आंघोळीलाही उतरवत नाही. राजकन्येच्या लग्नानंतर त्यांना एक पायरी वर चढवणार, म्हणजे आणखी लांब नाव.

तयारी जोरात आहे. रथ जाणार त्या बाजूच्या भिंती रंगवल्या. मागच्या बहुधा पुढच्या राजकन्येसाठी राखल्यात. नवरदेव बँकेत संगणकावर बसतो, पण वरातीपुरता तो देवाचा वंशज. बाबांचं काम मानाचं: केळ्यांच्या ताटावर पिवळी छत्री धरायची. केळ्यांची जात 'राजा', म्हणून त्यांना सावली. धरणारा अनवाणी, उन्हात.

आजच्या देशाला राजा कशाला, असा लेख मी लिहिलाय. इथलं साप्ताहिक तो लग्नाच्या दिवशी छापणार, पण माझ्या नावासह. निनावी नको म्हणतात. नाव आलं की बाबांची पायरी गेली. त्यांना सांगू कसं? घरात त्यांच्याशी आदराच्या बोलीतच बोलायचं, आणि त्या बोलीत 'तुमचं चुकतंय' म्हणायची सोयच नाही. 'आपल्या म्हणण्यावर किंचित सावली पडलीय' इथवर पोचते, तोवर ते चहा मागतात.

लोभ असावा, तो वंशपरंपरेने मिळत नाही, म्हणून मागते.
तुझी,
वुर्यानी

लांपुंग, सुमात्रा
१६ ऑगस्ट

चि. वुर्यानीस,
अ. आ. (पदवीधरांना चालत असतील तर.)

तुझं पत्र कॉफी वाळत घालता घालता शेजारणीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीचं लग्न उरकून टाका. मी म्हटलं, राजकन्येचं होतंय तेवढं पुरे.

राजा हवा की नको, मला कळत नाही. माझ्या भिंतीवर राजकन्येचा फोटो आहे आणि तो मी काढणार नाही. पोरीचं नाक छान आहे. पण तू त्या राजाला गादीवरून उठवायला निघालीस आणि घरच्या वेताच्या खुर्चीतल्या राजापुढे तुझी जीभ चालेना? अगं, वाड्याच्या आत सगळ्यांची एकच बोली. राजपुत्र असो की झाडूवाला, एक राजा सोडला तर तिथे कुणी कुणाशी वर-खाली बोलत नाही. माझा भाऊ घरात राजा असतो, तिथे नोकर. भांडायचं तर नोकराशी भांड. लग्नाच्या मुदपाकखान्यात बायका लागतातच, घूस.

छापायच्या आधी सांग हं, नंतर नको. पेपरातून कळलं तर तो जेवायचा नाही आणि तुझी आई मला रडकी पत्रं लिहील.

लग्नाची मिठाई आली तर लोभ वाढेल.
तुझी आत्या,
सुकिनाह

राजवाड्यामागची गल्ली
९ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. (आज बसूनच, वाड्याच्या तापल्या अंगणात पाय भाजलेत.)

घुसले. गेल्या आठवड्यात, वाड्याच्या रीतीने छातीशी लुगडं गुंडाळून, अनवाणी. बाबा फरशीवर बसून छत्री पुसत होते. मी वाड्याच्या बोलीत म्हटलं की लेख लिहिलाय, आणि राजाबद्दल तुझं चुकतंय. तुझं! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणीतरी मला रागावेल या आशेने. शेजारी एक राजपुत्र त्याच बोलीत झाडूवाल्याकडे काडेपेटी मागत होता. कोण रागावणार?

मग त्यांनी अख्खा लेख ऐकला. केळ्यांवरच्या छत्रीचा उल्लेख आला तिथे हसले. म्हणाले, छत्रीला सोनेरी काठ आहे, तो लिहायचा राहिला. आणि मग घरात कधी न ऐकलेल्या आवाजात विचारलं, की तीन आठवडे थांबशील का, तेवढं नवं नाव मिळू दे.

आत्या, हुकूम असता तर हसत मोडला असता. ही विनंती होती, आणि माझ्या लेखातल्या बारा मुद्द्यांत तिच्यासाठी तेरावा नव्हता. तीन आठवड्यांनी लेख शिळा झाला असता आणि मी गप्प बसायला शिकले असते. बरोबरीच्या माणसाला नाही म्हणता येतं. फक्त त्याच्या डोळ्यांत बघून म्हणावं लागतं, हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. मी नाही म्हटलं. ते छत्री पुसत राहिले.

लोभ असावा, या वेळी थट्टेने मागत नाही.

सोनेरी काठ मी लेखात घातला, आणि खाली माझं नाव. अंक आज वरातीच्या आधीच विकायला आला.

तुझी,
वुर्यानी