दुसरं पाकीट

३ मार्च
सूनबाईला क्लॅमिडिया निघाला. दुखणं नाही, खुपणं नाही. दिवस का राहत नाहीत म्हणून तपासण्या केल्या, त्यात सापडला. डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूलची दोन पाकिटं दिली, एक हिचं, एक नवऱ्याचं. दोघांनी बरोबरच घ्यायची, नाहीतर एकाकडून दुसऱ्याला पुन्हा होतो. दुसरं पाकीट सूनबाईने माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "आई, तुम्हीच द्या. मी दिलं तर आधी मलाच विचारतील, तुला कुठून आलं." म्हटलं, माझ्यावर सोड. उद्या चहाच्या वेळी सांगणार.

४ मार्च
चहा झाला. सांगणं राहिलं. त्याचा मोजा सापडत नव्हता. तो शोधून दिला.

५ मार्च, दुपार
शाळा चौथीपर्यंतच. पण लायब्ररीची फाटकी पुस्तकं बांधून देते, त्यामुळे वाचन पुष्कळ. स्त्रीरोगांचं एक जाडजूड पुस्तक खळ वाळेपर्यंत अख्खं वाचलं होतं. हा रोग शरीरसंबंधातूनच येतो, असं त्यात होतं. छापणारेही चुकतात. मुलगा फिरतीवर असतो, पण तसा नाही. सूनबाईच्या ऑफिसातलं टॉयलेट मला पहिल्यापासून पसंत नाही.

६ मार्च
हे असते तर एका वाक्यात मोकळे झाले असते. त्यांच्या खुर्चीत बसून सराव केला. "बाळ, तुला एक औषध..." इथपर्यंत येतं. पुढे रडू येतं. बापाचं काम माझ्या गळ्यात घालून गेले.

७ मार्च
युक्ती सुचली! कॅप्सूल फोडून रात्रीच्या दुधात. एक शब्द न बोलता कोर्स पूर्ण.

८ मार्च
"आई, दूध नासलंय," म्हणाला आणि बेसिनमध्ये ओतलं. दोन घोट गेले असतील. सूनबाईने हळूच विचारलं, "घेतात ना?" म्हटलं, "घेतोय की." खोटं नाही, घोट घेतले होते.

९ मार्च
साखर वाढवली. त्याने पेला मांजरीपुढे रिता केला. मांजरीनेही तोंड फिरवलं.

१० मार्च
तो फिरतीवर गेला. डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर दोघांना लांब राहायला सांगितलंय, ते आपोआपच पाळलं गेलं. बाकीचं आल्यावर नक्की.

२ एप्रिल
पाकीट सुयांच्या डब्यातून काढून पुठ्ठ्यांमागे ठेवलं. डबा उघडला की दिसायचं. सूनबाईचा कोर्स केव्हाच झाला. रोग गेला असं मी धरते.

१४ मे
सूनबाई माझ्याजवळ बसून पानं जुळवत होती. म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून निभावलं. माझ्या आईला नसतं जमलं." सुई बोटात गेली. उद्या नक्की सांगणार.

१९ जून
सूनबाईला ताप, ओटीपोटात कळा. दवाखान्यात ठेवलंय. तोच रोग, पुन्हा. नवऱ्याने कोर्स घेतला होता का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "हो, आईंनी स्वतः दिला." मी पाण्याची बाटली भरायला उठले. भरलेलीच होती.

२० जून
डॉक्टरीणबाईंनी मुलाला बोलावून सगळं सांगितलं. मी दारात. मागचा कोर्स पूर्ण केला होता का, म्हणून विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली. म्हणाला, "अर्धवट राहिला." मग एवढंच विचारलं, "पाण्याबरोबरच घ्यायच्या ना?" पाच मिनिटांत झालं. कुठून आलं, ते मात्र त्याने विचारलं नाही.

१३ ऑगस्ट
सूनबाईच्या गर्भनळ्यांची तपासणी झाली. एक बंद. दुसरीचं सांगता येत नाही. पहिल्या वेळेने किती बिघडलं आणि दुसऱ्या वेळेने किती, हेही सांगता येत नाही म्हणाल्या. हे वाक्य मी घट्ट धरून बसले. परत येताना सूनबाईने माझा हात धरला. म्हणाली, "तुम्ही दिलं होतंत. सोडलं ते ह्यांनीच. मी नाही राहायची आता ह्यांच्याबरोबर." तेव्हा सांगितलं. एकच वाक्य लागलं.
तिने हात काढून घेतला. म्हणाली, "दुधात?"
घरी येऊन तिने चहा टाकला. दोन कप भरले, एक त्याला नेऊन दिला, दुसरा स्वतः घेतला.