जीप स्टँडवरचे सात इंग्रजी शब्द

३ नोव्हेंबर, सकाळी ६
आजपासून हात उचलणार नाही. दारव्हा-यवतमाळ लाइनीवर माझ्या नावे दोन मारामाऱ्या झाल्या. तिसरी झाली की माझी जीप वर्षभर लाइनीबाहेर. स्टँडचे अध्यक्ष धरमसिंग यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. यापुढे मी, नौशाद ड्रायव्हर, इंग्रजीतच भांडणार. इंग्रजीपुढे माणूस गप्प बसतो, हे मी बँकेत पाहिलं आहे.

जेबाने तिच्या आठवीच्या वहीतून यादी दिली. सात शब्द, सगळ्यांची सुरुवात सारखी, 'अस'. म्हणे, अब्बा, सातही करा, मधेच सोडू नका. पोरीला बापाची जिद्द माहीत नाही.

४ नोव्हेंबर
असॅसिन: मारेकरी. पाठ. आमच्याच लाइनीवरच्या अमरसिंग ड्रायव्हरने माझ्या दोन सवाऱ्या ओढल्या. त्याला शांतपणे असॅसिन म्हटलं. त्याने माझा आरसा फोडला. मी पान्याने त्याचे दोन्ही हेडलाइट फोडले. माणसाला हात लावला नाही, म्हणून ही मारामारी धरता येणार नाही.

५ नोव्हेंबर
असॉल्ट: हल्ला. एका दमात पाठ. घरच्या दारावर लाथ घालून अर्थ पक्का केला. बिजागरी निघाली. रशीदाने विचारलं, दाराने तुमचं काय घेतलं? बायकांना अभ्यासातलं कळत नाही.

६ नोव्हेंबर
असेंट: संमती. असर्ट: ठासून सांगणे. मिळमिळीत शब्द. उरलेले सवडीने. असॉल्टचीच उजळणी केली.

७ नोव्हेंबर, बाजाराचा दिवस
आमच्या स्टँडवर आपल्या जीपच्या बॉनेटवर दुपट्टा टाकला की सवाऱ्या भरायचा नंबर लागला. दुसऱ्याचा दुपट्टा कोणी उचलत नाही. मी टाकून चहाला गेलो. आलो तर दुपट्टा गायब आणि अमरसिंगच्या जीपमध्ये सवाऱ्या कोंबलेल्या. डोकं थंड ठेवलं. थंड डोक्यानेच ठोसा घातला. त्याचं नाक फुटलं. त्याने जॅकचा दांडा माझ्या पाठीत घातला. माझा दुसरा ठोसा त्याने चुकवला, तो जीपच्या लोखंडावर बसला. उजव्या हाताची दोन हाडं मोडली, हे डाव्या हाताने लिहितोय. शर्टावर दोघांचंही रक्त.

तेवढ्यात बाजाराला आलेली नंदाबाई तिची बकरी ओढत आली. बकरीच्या तोंडात माझा दुपट्टा, अर्धा खाल्लेला. नंदाबाई म्हणे, माह्याकडे काहून पाहून राह्यले, बकरीले नंबर काय समजते.

गैरसमजाचा प्रकार आहे. धरमसिंग समजून घेतील.

८ नोव्हेंबर
एक वर्ष.

११ नोव्हेंबर, अजून डाव्या हाताने
हात पुन्हा दाखवायला यवतमाळला जायचं होतं. नंबर अमरसिंगचाच. नाकावर पट्टी. मी मान खाली घालून मागे चढत होतो. तो म्हणे, नौशादभाई, समोर या, मांगं हाताले धक्के लागतीन. एकाला उठवून मला खिडकीची जागा दिली. खड्डा आला की गाडी हळू करत होता. लाज वाटली, फार वाटली. सॉरी म्हणायचं यवतमाळपर्यंत ठरवत राहिलो. जमलं नाही.

घरी आल्यावर जेबाने सातवा शब्द विचारला. यादी काढली. अस्वेज: दुसऱ्याचा ताप, राग शमवणे.

म्हटलं, मला येत नाही. अमरसिंगला येतो.