चुलीचा साचा कोणाच्याच नावे नाही

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

मी, पुष्पावती भ्रतार सूर्यभान ठाणगे, वय चोपन्न, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, राहणार केडगाव, तालुका नगर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. छातीचे दुखणे मात्र आता औषधाला दाद देत नाही. हे कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगणारे पुष्कळ झाले, त्यांना कंटाळूनच लिहायला बसले.

१. यजमानांनी माझ्या नावे केलेले राहते घर मुलगा गहिनीनाथ याला द्यावे. देवघर हलवू नये.

२. पोस्टातली शिल्लक सून चांगुणा हिची. तिच्या नवऱ्याने त्यावर हात ठेवू नये. तेराव्याला गावजेवण नको. देवीला नैवेद्य दाखवावा, तेवढे पुरे.

३. जाऊबाई भीमाबाई यांनी पापडाला म्हणून नेलेली पितळी परात परत मागू नये. मागून मागून मी थकले. त्यांनी ती लखलखीत ठेवली आहे, एवढे पाहून आले.

४. चुलीचा साचा. हे कलम मी तीनदा खोडले आहे. दुष्काळात सरपण मिळेना, तेव्हा दोन तोंडांच्या, धूर बाहेर काढणाऱ्या चुलीचे माप मी काढले आणि सुताराकडून बाभळीचा साचा करून घेतला. त्यात भुसा घालून मळलेली माती ठोकली की चूल तयार. दारी येईल तिला साचा देत आले. विरजण नेणारीकडे आपण पैसे मागत नाही. उद्या आपले नासले तर तिच्याच दारी जायचे असते.

गहिनीनाथला हे पटत नाही. श्रीगोंद्याच्या एका भट्टीवाल्याशी त्याचे बोलणे झाले आहे. चूल लोखंडात ओतायची, माप स्वतःच्या नावावर नोंदवायचे, दुसऱ्या कोणी केली की दावा लावायचा.

मला म्हणाला, "आई, भांडवल मी घालायचं आणि शेजारच्यानं माप फुकट उचलायचं? मग घालावं कशाला?"

त्याचेही खोटे नाही. पोट त्यालाही आहे. मी एवढेच म्हणाले, "लोखंडाचे घे, मजुरीचे घे, पोचवायचे घे. मापाचे घेऊ नकोस."

"माप तुझंच आहे ना?"

हो म्हणता येईना, कारण माप माझे नाही. मी ते वितीने घेतले होते, आणि माझी वीत लहान. धुराचे भोक अरुंद झाले, आणि घरभर धूर. माझ्या नणंद साळूबाई पारनेरहून आल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "वहिनी, तुझी वीत हाय का चिमणीचा पाय? सर तिकडं." त्यांनी साच्यातच आपल्या वितीने भोक वाढवले, आणि चूल ओढायला लागली. साच्याला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नसता तर आजही मी धुरातच बसले असते.

साचा सगळ्यांचा असे लिहू का, म्हणून वकीलसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीचं तेवढंच देता येतं. साचा तुमचा म्हणाल तर वारसाचं नाव घाला. सगळे हा काही वारस होत नाही."

तेव्हा या कलमाने मी कोणाला काहीच देत नाही. माझे नाही ते कसे देऊ? विनंती एवढीच, की जी कोणी माप सुधारेल तिने ते झाकून ठेवू नये. विनंती पाळायला कोणी बांधलेला नसतो, हे मला समजते.

५. सहीआधी जोडलेले. वाचून झाल्यावर गहिनीनाथ म्हणाला, "मग साचा घरात राहू दे. मी सांभाळतो." माळ्यावर पाहिले तर साचा नव्हता.

चांगुणा चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "सकाळच्या यष्टीनं पारनेरला धाडला. साळूआत्यांनी मागितला न्हाई, मीच धाडला. तिकडल्या बाया म्हागारी देतील तवा येईल."

गहिनीनाथ तिच्याशी बोलत नाही. माझ्याशीही नाही. घर मी त्याच्याच नावे ठेवले आहे. साचा परत आणण्याविषयी या कागदात काही लिहिलेले नाही, ते विसरून राहिलेले नाही.

सही: पुष्पावती सूर्यभान ठाणगे

आमच्या समक्ष सही झाली, बाई शुद्धीवर होत्या:
१. पुंजाराम दगडू सातपुते
२. रंगुबाई सहादेव गाडे (डाव्या हाताचा अंगठा)

केडगाव, श्रावणी सोमवार, ६ ऑगस्ट १९७३